थारोळ्यात भिजवलेले बूट

आबा,

पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, आणि आता मी तुमच्या त्या वयापेक्षा कितीतरी म्हातारा झालो आहे. एवढी वर्षं लिहिलं नाही, कारण मला जे विचारायचं होतं ते सांगू शकणारा एक माणूस इथे धुळ्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. आमच्या टीमचा गोलकीपर. तुम्हाला तो आठवेल, आपल्याकडे येऊन गेला होता, खूप बोलायचा आणि ज्वारीची भाकरी मोडून दुधात कुस्करून खायचा. त्याला आज विचारू, उद्या विचारू असं करत मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो आणि नळाला पाणी कधी येतं, बीपीची गोळी सकाळी घ्यावी की जेवल्यावर, असल्या गप्पा मारून परत यायचो. मागच्या महिन्यात तो गेला. दहाव्याला पांझरेच्या काठी उभा होतो तेव्हा लक्षात आलं की आता सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो. माझे बूट तुम्ही विहिरीवरच्या मोटेच्या चामड्यासारखे भिजवून, तेल लावून मऊ करून दिले होते. ते बूट भर मॅचमध्ये उसवले आणि माझा गुडघा गेला. मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण गोलकीपरने सांगितलं होतं का? तुम्ही ते मनात ठेवून गेलात का? एवढंच मला पाहिजे. बाकीचं सगळं त्याच्या मागचं-पुढचं आहे, पण लिहायला बसलो तर तेही येणारच, कारण मला थोडक्यात लिहिता येत नाही. शाळा पाचवीत सुटली, हे तुम्हाला माहीतच आहे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मामा मला गिरणीत लावायला धुळ्याला घेऊन गेले. बोदवडला तुम्ही गाडीत बसवून दिलंत, कापसाच्या गाठी चढत होत्या त्या फलाटावर उभे राहिलात, आणि गाडी सुटताना एवढंच म्हणालात, की गिरणीत हात जपजो. पाय जपायला कुणी सांगितलं नाही, तिथे पायाचं काम निघेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मी जामनेरच्या शाळेत ड्रिल मास्तरांच्या हाताखाली चेंडू खेळलो होतो, तेवढंच. पण गिरणीच्या साहेबांना फुटबॉलचा नाद होता. सुटी झाली की मागच्या मैदानावर लोक खेळायचे, मी कडेला उभा राहायचो, एकदा बाहेर आलेला चेंडू मी परत मारला तो सरळ जाळीत गेला. तिथून सगळं सुरू झालं. मला मागावरून काढून कापडाच्या घड्या घालतात त्या खात्यात टाकलं. तिथे काम हलकं. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी सुटका. रोज दुधाचा पेला. मॅच असली की पगारी रजा. खेळायचे पैसे मिळतात हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आईकडे बघून हसलात आणि म्हणालात, "काम करायचे पैसे मिळत नाहीत लोकायले, अन याले खेळायचे भेटतात." पण दुसऱ्याच दिवशी पारावर बसून तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, की आपला पोरगा सेंटर फॉरवर्ड आहे. तो शब्द तुमच्या तोंडात नीट बसत नव्हता, तरी तुम्ही तो पुन्हा पुन्हा म्हणत होतात.

सेंटर फॉरवर्ड म्हणजे काय, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. अकरा माणसं खेळतात, पण गोल माझ्या पायातून व्हायचा. झाला तर झाला. नाही झाला तर दुसऱ्या दिवशी खात्यात शिरताना माग चालवणारे मागून म्हणायचे, "काय सेंटर, दूध जास्त झालं का काल?" किंवा "आजपासून म्हशीलाच मैदानात सोडा, दूधही वाचेल." थट्टाच होती, त्यांच्या मनात काही नसायचं. पण ते दिवसभर उभं राहून, धूळ आणि सुताचा कचरा खाऊन काम करत होते आणि मी हलक्या कामावर होतो. मला ते लागायचं. जळगाव, भुसावळ, मालेगाव, नाशिक, हिवाळाभर आम्ही फिरायचो. धर्मशाळेत सतरंजीवर झोपायचो. मॅचच्या आदल्या दिवसापासून मला जेवण जात नसे. बाकीचे भाताचा डोंगर संपवायचे आणि मी ताटातलं इकडचं तिकडे करायचो. गोलकीपरला तेवढं कळलं होतं, तो गुपचूप माझ्या ताटातलं उचलून खायचा, म्हणजे टीमकडे बघणाऱ्या क्लार्कांना, आमच्या मास्तरांना, माझं ताट रिकामं दिसायचं. लोकांना वाटायचं, याचं काय मजेत चाललंय. पेढ्यांचा पुडा मिळायचा, खांद्यावर उचलून घ्यायचे, आणि खाली उतरल्याबरोबर मला पुढच्या मॅचची काळजी लागायची. असं मन देवाने का दिलं कुणास ठाऊक. आजही दाराला कडी लावली की नाही ते बघायला मी दोनदा उठतो. सूनबाई म्हणते, लावली आहे, झोपा आता.

तेव्हा आम्ही सगळे अनवाणीच खेळायचो, हे तुम्हाला आठवत असेल. घोट्याला कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि उतरायचं. माझे पाय आपल्या रानातल्या काळ्या मातीत घडलेले. उन्हाळ्यात ती भेगाळते तेव्हा तिच्यावरून चालून चालून तळवे असे झाले होते की काचसुद्धा लवकर शिरायची नाही. अंगठ्याने चेंडू उचलायचा, बोटांनी दाबून धरायचा, ते सगळं माझ्या पायालाच दिसायचं. मग वरून नियम आला की यापुढे बुटांशिवाय मैदानात येता येणार नाही. मास्तरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. ज्यांना बूट जमतील ते खेळतील, ज्यांना जमणार नाहीत ते आपापल्या खात्यात परत. गोड माणूस होता, रागावून बोलला नाही. पण मला कळलं की माझं खातं म्हणजे पुन्हा माग, तिथे माझी जागा कधीच दुसऱ्याने घेतली होती, आणि गिरणीत त्या वर्षी माणसं कमी करायचं चाललं होतं.

बूट आले ते असे, की हातात घेतले तरी जड. पुढचं टोक लाकडासारखं टणक. तळाला चामड्याचे गोल ठोकळे खिळ्यांनी ठोकलेले. पहिल्या दिवशी पळालो तर नाल मारलेल्या घोड्यासारखा आवाज. चेंडू कुठे लागतोय तेच कळेना. टाचा सोलल्या, करंगळ्यांवर फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा फोड. पुढची मॅच धुळ्यातच होती आणि ती आमच्यासाठी मोठी होती. मास्तर म्हणाले, चार दिवस घरी जा, रानात बूट घालून हिंड, सवय कर. म्हणून मी बूट पिशवीत घालून गावी आलो होतो. तुम्हाला वाटलं होतं की मी आईच्या आठवणीने आलो.

तुम्ही विहिरीवर होतात. मी बैलांच्या धावेच्या कडेला बसून पाय सोडले आणि तुम्ही माझ्या टाचा बघितल्या. मोट वर आली, तिचं पाणी दगडाच्या थारोळ्यात पडलं, तिथून पाटाने केळीच्या तुकड्याकडे गेलं. तुम्ही बैल थांबवले, माझ्यापुढे उकिडवे बसलात आणि टाचेवर अंगठा फिरवलात, बैलाच्या खांद्याला जू लागलं की फिरवायचात तसा. मग बूट मागितलेत. उलटेपालटे केलेत, वास घेतलात, टोकावर नखाने टिचकी मारलीत. मी सांगितलं की हे घालून खेळता आलं नाही तर गिरणीत माझं काही खरं नाही.

"चामडंच आहे ना हे," तुम्ही म्हणालात. "मग त्याले पहिल्यानं पाणी पाजा लागते, मंग तेल. कोरडं चामडं कोनाचंच होत नाही."

खरंच होतं ते. तुमच्याइतकी मोट जपणारा माणूस गावात नव्हता. लोकांच्या मोटा दोन हंगामात तडकायच्या, तुमची वर्षानुवर्षं चालायची, कारण काम नसलं तरी तुम्ही तिला भिजवायचात, करंजीचं तेल चोळायचात, सावलीत टांगायचात. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माझे दोन्ही बूट थारोळ्यात बुडवून वर दगड ठेवलात. सकाळी काढलेत तेव्हा ते पाण्याने फुगून दुप्पट झाले होते. मग त्यांच्यात सरकी ठासून भरलीत, वरून पाणी शिंपडलंत, म्हणजे सरकी फुगेल आणि बूट पायाएवढा सैल होईल. आणि मग तेल. आई ओसरीवरून बघत होती. ती म्हणाली, "पेंडबी चारा त्यायले, उद्या दूध देतीन." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुले काय कयते चामड्यातलं." ती पदर तोंडाला लावून हसत होती, मी हसत होतो, आणि तुम्ही एवढ्या गंभीरपणे तेल चोळत होतात की शेवटी तुम्हालाही हसू आलं. तुमचे तेलाने काळे झालेले हात मला आत्ता समोर दिसतायत. मी बूट घातले. आबा, लोण्यासारखे होते. पाय आत गेला तो कुठे अडकला नाही. मी केळीच्या वाफ्यांमधून पळून आलो आणि तुम्ही विचारलंत, "कसं?" मी म्हणालो, पायात काही नाही असं वाटतं. तुम्ही बैलांना हाकारलंत, आणि त्या दिवशी मोट हाकताना तुम्ही गाणं म्हणत होतात.

मोटेला खिळे नसतात, आबा. ती नुसती शिवलेली असते. तुम्हाला ते कुठून सुचणार आणि मलाही सुचलं नाही, मी तर पायात घालून पळालो होतो. बुटाचा तळ म्हणजे चामड्याच्या थरांवर थर, खळीने चिकटवलेले आणि खिळ्यांनी धरलेले. पाण्याने खळ गेली, तेलाने खिळ्यांची भोकं ढिली झाली. वरून मऊ आणि खालून सुटत आलेले, असे ते बूट घालून मी धुळ्यात उतरलो. पहिल्या अर्ध्यात मी गोल मारला. आमच्यातले बाकी सगळे नव्या बुटांत बदकासारखे चालत होते आणि मी एकटा पळत होतो. मास्तर कडेला उभे राहून टोपी हलवत होते. विश्रांतीत गोलकीपरने विचारलं, तुझ्या बुटाला काय केलंस, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, थारोळं, सरकी, तेल. तो इतका हसला की त्याच्या तोंडातलं लिंबू खाली पडलं. म्हणून त्याला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात मला खाली काहीतरी लटपटल्यासारखं वाटत होतं. चेंडू उजवीकडून आला, मी उजवा पाय रोवून वळलो, ठोकळे मातीत राहिले, तळ उघडला, पाय एकीकडे आणि मी दुसरीकडे. गुडघ्यात आवाज झाला तो मी ऐकला. गोलकीपर आपली जागा सोडून धावत आला. बुटाकडे बघून म्हणाला, "ऊठ रे भाऊ, तुना बूटना तळ निंघी गया." मग त्याने गुडघ्याकडे बघितलं आणि पुन्हा ऊठ म्हणाला नाही.

मला बोदवडहून बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा तुम्ही वेशीपर्यंत आला होतात. मी सांगितलं की समोरच्या टीमच्या माणसाने धडक दिली. तुम्ही त्या माणसाला दोन शिव्या घातल्यात. मग खाटेजवळ बसून, आई आत गेल्यावर, हळूच विचारलंत, "बूट कसे चालले?" मी म्हणालो, चांगले चालले आबा, त्यांच्यामुळेच गोल झाला. ते खोटं नव्हतं. तुम्ही माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलंत आणि बाहेर गेलात. आठवडाभर तुम्ही पारावर सांगत होतात, "बूट म्या मऊ करून देले, तवा कुठी गोल झाला." मला खाटेवर ऐकू यायचं. मी ठरवलं, हे असंच राहू द्यायचं.

आणि मग गोलकीपर आला. मास्तरांचा निरोप घेऊन आला होता की गिरणीच्या फाटकावर वॉचमनची जागा माझ्यासाठी बघतायत, काळजी करू नको. जेवला, माझ्याशी गप्पा मारल्या, मग म्हणाला, जरा विहिरीकडे जाऊन येतो, ते थारोळं बघायचंय मला. मी म्हणालो, बस की, काय बघायचंय त्यात. त्याने ऐकलं नाही. मी खाटेवरून उठू शकत नव्हतो. दारातून तुम्ही दोघे दिसत होतात, लांब, विहिरीच्या काठावर. तो हातवारे करून बोलत होता, त्याला तसं बोलायची सवयच होती. तुम्ही ऐकत होतात. मध्येच तुम्ही खाली बसलात. चक्कर आल्यासारखे बसलात की बिडी पेटवायला बसलात, ते मला एवढ्या लांबून कळलं नाही. परत आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याला पोचवायला बोदवडपर्यंत गेलात, त्याच्या पिशवीत केळी भरून दिलीत. मी त्याला डोळ्यांनी विचारत होतो आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, किंवा मला तसं वाटलं.

त्यानंतर तुम्ही पारावर बुटांचं नाव काढलं नाहीत. कदाचित ती गोष्ट जुनी झाली असेल, लोकांनाही किती वेळा ऐकवायची. पण त्यानंतर तुम्ही मोटेला हातही लावला नाहीत. तेल चोळायचं काम तुम्ही सालदाराला सांगितलंत. तो धसमुसळा माणूस, आठवण झाली तर चोळायचा, नाहीतर नाही. पुढच्या उन्हाळ्यात मोट तडकली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, आता सगळे विहिरीवर इंजिन घेतायत, आपणही घेऊ. आईने विचारलं, की एवढी जपलेली मोट अशी कशी जाऊ दिली, तेव्हा तुम्ही म्हणालात की हात दुखतात. हात खरंच दुखत होते का? मी या एका वाक्यावर आयुष्यभर अडकून बसलो आहे. थंडीत तुमची बोटं आखडायची, हे मी बघितलं आहे. पण तुम्ही नांगर धरायचात, कापूस वेचायचात, त्याला हात दुखत नव्हते. एकदा वाटतं, तुम्हाला सगळं कळलं होतं. एकदा वाटतं, म्हातारपण होतं, बाकी काही नाही. रात्री एक खरं वाटतं आणि सकाळी दुसरं.

फाटकावरची नोकरी मी गिरणी बंद पडेपर्यंत केली. लोक सुरुवातीला सेंटर म्हणून हाक मारायचे, मग वॉचमन म्हणायला लागले, मग नव्या लोकांना माहीतच नव्हतं. तुम्ही दोनदा तिथे आलात. फाटकावर माझ्या शेजारी स्टुलावर बसलात, आत जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत राहिलात. जाताना म्हणालात, "बसून आहे ते बरं आहे." तुमचा आवाज तेव्हा फार थकलेला होता. मी ते समाधानाने म्हटलेलं समजू की आणखी काही, हेही मला सांगा.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहितो. गोलकीपरलाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मी मैदानात पडलो, गुडघ्यात आवाज झाला, दुखणं अजून वर चढायचं होतं, त्याच्या आधी एक क्षण होता. चेंडू लांब गेला होता. वर आभाळ होतं. आणि मला वाटलं, चला, संपलं. आता उद्या खात्यात शिरताना कुणी विचारणार नाही. आता मला जेवता येईल. आबा, मला बरं वाटलं होतं. तुम्हाला जर कळलं असेल की तुमच्या तेलाने माझा पाय गेला, तर तुम्ही ते उगाच वाहत राहिलात, आणि मी एका वाक्यात तुमच्या डोक्यावरचं ते उतरवू शकलो असतो. पण ज्या माणसाने सगळ्या गावाला सांगितलं की माझा पोरगा सेंटर फॉरवर्ड आहे, त्याला कसं सांगायचं की तुमच्या पोराला ते नकोच होतं? मोडलेला गुडघा सांगता येतो, हे सांगता येत नाही. म्हणून मी गप्प बसलो, आणि तुम्हीही गप्प बसलात, जर तुम्हाला कळलं असेल तर.

हे पत्र कुठे टाकणार, कुठेच नाही. सूनबाईच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवतो, मग तिथूनही काढून फाडेन बहुतेक. परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. तुमच्या नावाची घागर भरली जाईल, आमरस-पोळी होईल, मुलगा निखाऱ्यावर घास ठेवून आघारी टाकेल. मला पाटावर बसता येत नाही, मी खुर्ची ओढून शेजारी बसतो. त्या वेळी घरात गडबड असते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, एवढंच कसंही करून कळवा. माझ्याकडे आता फार दिवस नाहीत, म्हणून लवकर कळवा.